पाचशेच्या खाली आप्पा गोड बोलतात

रविवारी दुपारचे चार वाजले की माझा फोन माझा राहायचा नाही. लातूरला मुलींच्या एका खाजगी वसतिगृहात मी रेक्टर होते आणि मुलींचे मोबाईल माझ्या कपाटात कुलपात असायचे. आठवड्यातून एकदा प्रत्येकीला माझ्या फोनवरून घरी बोलायला मिळायचं, तेही स्पीकर चालू ठेवून, माझ्यासमोर बसून. तुम्ही म्हणाल, ही काय तुरुंगातली भेट आहे का? अहो, नियम मालकांचा होता. पण खरं सांगू का, माझं त्या नियमावर फार प्रेम होतं. दुसऱ्याचं बोलणं ऐकायला मला मनापासून आवडतं. लोक त्यासाठी भिंतीला कान लावतात, मला त्याचा पगार मिळत होता!

ऑफिसपासून जिन्यापर्यंत रांग लागायची. पुढची बोलतेय आणि मागच्या दहाजणी फिदीफिदी हसतायत, असा तो सगळा तमाशा. मुरुडची एक आजी होती, तिला फोनवर विश्वासच नव्हता. ती नातीला आधी विचारायची, "तूच हाईस कशावरून?" मग नातीनं गल्लीतल्या तीन म्हशींची नावं सांगायची, तेव्हा पुढचं बोलणं. बिलोलीचे एक गुरुजी फोनवरच तोंडी परीक्षा घ्यायचे. त्यांची मुलगी प्रज्ञा वस्ताद. एका रविवारी तिनंच उलट विचारलं, "बाबा, आता तुम्ही सांगा, बेडकाच्या हृदयाला कप्पे किती?" पलीकडून गुरुजी म्हणाले, "हॅलो? हॅलो? आवाज येईना बरं का." आणि फोन बंद. रांग अक्षरशः जिन्यावर आडवी पडली.

ज्यांना लातूरची हवा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दहावी झाली की नांदेड-लातूरकडची आणि पार कुठकुठली लेकरं इथं येतात, डॉक्टर व्हायला. त्याची प्रवेशपरीक्षा सातशेवीस मार्कांची. क्लासवाले दर आठवड्याला तसलाच पेपर घेतात आणि शनिवारी संध्याकाळी मार्क थेट बापाच्या मोबाईलवर. म्हणजे रविवारी बापाला सगळं ठाऊक असतं, तरी पहिला प्रश्न हाच, "किती पडले?" लेकराच्या तोंडून वदवून घ्यायचं असतं ना.

शिकवायचं काम क्लासचं. उरलेलं सगळं माझं. आणि उरलेलं फार असतं हो! बादलीवरून भांडणारी पोरगी बादलीवरून भांडत नसते, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. जिला घरची आठवण येते ती कपडे धूतच बसते, धुतलेलेच पुन्हा धुते. घाबरलेली पोरगी पहाटे सगळ्यांत आधी उठते आणि पुस्तकाचं एकच पान उघडून बसते. रागावलेल्या डोक्यात काही शिरत नाही, आणि रडू दाबून धरलेल्या डोक्यात तर मुळीच नाही. ते आधी मोकळं करायचं, मग केमिस्ट्री.

याला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात असं मला पुष्कळ उशिरा कळलं. नांदेडला एक कार्यशाळा होती, 'भावनिक बुद्धिमत्ता आणि विद्यार्थ्यांची शैक्षणिक गुणवत्ता'. मालकांनी मला पाठवलं. वक्त्यांनी पडद्यावर गोल काढले, गोलात बाण काढले. आम्हा सगळ्या रेक्टर लोकांना गोल करून उभं केलं आणि शेजारच्याच्या डोळ्यांत बघून त्याची भावना ओळखायला सांगितली. माझ्या शेजारी उदगीरच्या एक धिप्पाड बाई होत्या. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, "भूक." शंभर टक्के बरोबर! जेवण दीड तास लांबलं होतं. पुढच्या अर्ध्या तासात तिथल्या सगळ्यांची भावनिक बुद्धिमत्ता संपली आणि पुरीच्या रांगेत ढकलाढकली झाली.

सगळ्याच पोरी मला उमगल्या असं नाही. देगलूरकडची एक होती, हुशार, हसरी. एक दिवस सामान बांधून निघून गेली. काय बिनसलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आजही रस्त्यात तशी वेणी दिसली की मी वळून बघते.

पण आज सांगायचंय ते शिवकन्येचं. ही अहमदपूरची. तिचे आप्पा, म्हणजे वडील, तिथल्या मार्केट यार्डात खरेदीदार. शेतकऱ्यांनी आणलेल्या मालाचे ढीग लागतात, अडत्या बोली पुकारतो, आणि आप्पांसारखे लोक गिरणीवाल्यांसाठी माल घेतात. त्याला तिकडं सौदा म्हणतात. ओलावा मोजायचं मशीन आलंय आता, पण आप्पांचा भरवसा दातावर. मूठभर उचलायचं, एक दाणा दाताखाली फोडायचा, की कळलं. जन्मभर कच्ची तूर आणि सोयाबीन फोडून त्यांच्या पुढच्या दातांचं पार वाटोळं झालेलं. शिवकन्येला म्हणूनच दाताची डॉक्टर व्हायचं होतं. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं, "मॅडम, पहिला पेशंट ठरलेला हाय."

पहिल्या महिन्यात तिला पाचशेवीस पडले. नव्या पोरीला पाचशेवीस म्हणजे काय! रांगेतल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. तिनं फुलून जाऊन सांगितलं, "आप्पा, पाचशेवीस!"

"काय करायचंय त्याला?" आप्पांचा घोगरा आवाज. "पाचशेवीसला कोण इचारतंय? निस्ता कचरा!"

मागून तिच्या आईचा आवाज आला, "अवं, तिला जेवली का ते तर इचारा!"

पुढच्या आठवड्यात पाचशेचाळीस. आप्पा आणखी कडाडले, "ह्याला काय मार्क म्हणतेत? ह्याच्यात काय दम हाय?" पाचशेसाठला तर ऐकवेना. मी फोन उचलून दम देणार होते, पण शिवकन्येनं हात जोडले. ती हसत उठली आणि न्हाणीघरात जाऊन पंधरा मिनिटं नळ सोडून बसली. असल्या नळांचा आवाज मला बरोबर ओळखू येतो.

आणि मग तिचे मार्क घसरायला लागले. आधी चारशेऐंशी. आता आप्पा काय बोलणार! तर आप्पा म्हणाले, "बरं बरं. असू दे. जेवायलीस ना येवस्थित? दूध पीत जा." मी फोनकडं बघतच राहिले. माणूस तोच ना? नंतर चारशेपन्नास. आप्पा आणखी मऊ. "लई जागू नको बाई. तब्येत बघ." शिवकन्या फोन ठेवून उड्या मारत खोलीत गेली. चारशेपन्नास पडलेली पोरगी उड्या मारते? माझं गणितच चुकायला लागलं.

उत्तर गच्चीवर मिळालं. मी मिरच्या वाळत घालत होते. पाण्याच्या टाकीमागं शिवकन्या आणि बिलोलीची प्रज्ञा बसल्या होत्या. शिवकन्या तिला कालच्या पेपरातले प्रश्न समजावून सांगत होती, एकामागून एक, पाणी वाहावं तसे. प्रज्ञा म्हणाली, "तुला एवढं येतं तर तू हे सोडून का आलीस गं?"

"मला चारशेसाठच पाहिजे होते."

मी मिरच्यांसकट टाकीमागं गेले. दोघी ताडकन उभ्या राहिल्या. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

शिवकन्येनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, पाचशेच्या खाली आप्पा गोड बोलतात."

मला आधी हसू फुटलं, खोटं कशाला बोलू. काय डोकं आहे पोरीचं! किती प्रश्न सोडले की किती मार्क पडतील आणि किती मार्कांना बाप कसा बोलेल, सगळा हिशोब पक्का. आणि हसता हसता मी डोळे पुसायला गेले. पोरगी आठवडाभर मरमर अभ्यास करत होती आणि रविवारच्या दोन गोड शब्दांसाठी तो पेपरात सोडून येत होती. मिरच्यांचा हात डोळ्याला लागला आणि मग तर विचारूच नका, दोघींनी मला नळाखाली धरलं.

"आप्पांना सांगू नका," तिनं शपथ घातली. बरं, शपथ घातली तर घातली. मी दुसऱ्या दिवशी आप्पांना फोन लावला आणि मार्कांचं नाव न काढता म्हणाले, "आप्पा, कधी तरी पोरीला चांगलं म्हणत जा हो."

"तोंडावर?" आप्पा दचकलेच. "मॅडम, जल्म गेला आमचा, असलं कवाच केलं न्हाई. आमच्या धंद्यात चालत न्हाई ते."

"अहो, पोरगी धंदा आहे का तुमचा?"

"तसं न्हाई वो…" आणि आप्पांनी फोनच ठेवला.

दिवाळीच्या आधीचा रविवार. आप्पा इतके हळू बोलले की मला स्पीकर मोठा करावा लागला. "शिवकन्या, येताना समदं सामान घेऊन ये बाळा. बास झालं आता. हितंच कॉलेजात नाव घालू. झेपंना तर कशाला लेकराचा जीव काढायचा? मी काय म्हणणार न्हाई तुला."

शिवकन्या "बरं आप्पा" म्हणाली आणि पांढरीफटक पडली. रांगेतलं खिदळणं बंद झालं. फोन ठेवल्यावर तिनं माझा हात धरला. "मॅडम, मला जायचं न्हाई. मला फक्त रविवार गोड पाहिजे होता. आता काय करू वो?"

अहमदपूर माझंही माहेर. भाऊबीजेला भावाकडं जायचंच होतं, मी चार दिवस आधी निघाले आणि शिवकन्येला बरोबर घेतलं. सामान मुद्दाम वसतिगृहात ठेवलं. एसटीत ती सगळा वेळ घोकत होती, "आप्पा, माझं चुकलं… न्हाई, असं नको… आप्पा, एक सांगायचंय…" अहमदपूरच्या स्टँडवर उतरलो आणि घरी न जाता थेट मार्केट यार्डात गेलो, कारण दुपारी आप्पा तिथंच असणार.

माहेर असून मी यार्डात कधी पाऊल टाकलं नव्हतं. काय तो गोंगाट! सोयाबीनचे ढीग, हमालांची ओरड, धुरळा. एका ढिगाभोवती घोळका होता आणि मध्ये आमचे आप्पा, टोपी मागं सरकवलेली. ढीग काय सुंदर होता, टपोरा, पिवळाधम्मक दाणा. आप्पांनी मूठ उचलली, एक दाणा फोडला आणि तोंड असं वाकडं केलं की मला वाटलं कडू लागला.

"ह्याला काय माल म्हणतेत?" आप्पा कडाडले. "निस्ता कचरा! ह्याच्यात काय दम हाय?" आणि दुसऱ्यानं बोली वाढवली की त्याच्यावर बोली. पुन्हा शिव्या, पुन्हा बोली. घाम पुसत, ढिगाला नावं ठेवत आप्पांनी तो सगळ्यांत जास्त भावानं घेतला. कुणाला हात लावू दिला नाही.

पुढचा ढीग भिजका, काळपटलेला. आप्पांनी दाणा फोडलाही नाही. त्या शेतकऱ्याच्या पाठीवर हात ठेवून इतक्या मायेनं म्हणाले, "बरं हाय. असू दे. वाळवा जरा येवस्थित." आणि पुढं निघून गेले.

मी शिवकन्येकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे हे एवढे! "मॅडम," ती म्हणाली, "आप्पांना माझे पाचशेसाठ लई आवडले होते!"

आणि ती हसायला लागली. हसली म्हणजे किती? पोत्यावर बसली, पोट धरलं, पुन्हा उठली, पुन्हा बसली. मला लागण झाली. दोन हमाल काही कारण नसताना हसायला लागले. अडत्याची बोली अर्ध्यात थांबली. आप्पा वळले, "ए, काय दात काढायलीस? आणि सामान कुठाय तुझं?"

एसटीत घोकलेलं सगळं ती विसरली. सरळ म्हणाली, "आप्पा, मी मुद्दाम प्रश्न सोडत होते. जास्त पडले की तुमी तोडून बोलत होताव, कमी पडले की गोड बोलत होताव. मला येतंय सगळं. मला परत जायचंय लातूरला."

आप्पांच्या हातातलं सोयाबीन गळून पडलं. "मुद्दाम?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ते मटकन पोत्यावर बसले. "अगं, मला वाटलं लेकरू दमलं. रात-रात झोप न्हाई मला. म्हणलं आता हिला काय बोलायचं न्हाई, सांभाळायचं. आणि ते पाचशेसाठ… अगं, त्या दिवशी मी सगळ्या यार्डाला च्या पाजलाय!"

"हाव, पाजला की!" एक म्हातारा हमाल म्हणाला. "पर पोरीला चांगलं म्हणलाव का?"

आप्पांनी टोपी पुढं ओढली. अडत्या मोठा मिश्कील माणूस. तो आप्पांसमोर उभा राहिला आणि यार्डाच्या आवाजात ओरडला, "चला, बोला आप्पा! पोरगी कशी हाय?"

"ठीक हाय," आप्पा पुटपुटले.

"ठीक! ठीक! ठीक! वाढवा, आप्पा, पुढं वाढवा!"

"बरी हाय."

"बरी एक बार! बरी दोन बार! एवढ्यात न्हाई सुटणार, वाढवा!" हमाल टाळ्या पिटायला लागले, बाकीचे खरेदीदार धावत आले. जन्मभर दुसऱ्याच्या मालाचा भाव पाडणाऱ्या आप्पांना घाम फुटला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी उपरण्यात जोरात नाक शिंकरलं आणि चहाच्या टपरीकडं पळतच सुटले. अडत्यानं कपाळावर हात मारला, "तुटला सौदा!"

टपरीवरून परत आल्यावर आप्पा माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाले, "दिवाळी झाली की पाठवतो." त्या आनंदात मी आणि शिवकन्येनं यार्डातच फुगडी घालायची तेवढी बाकी ठेवली.

पण गोष्ट तिथं संपली असती तर रेक्टरचं काम फार सोपं झालं असतं. दिवाळीनंतर पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी शिवकन्या ऑफिसात येऊन उगाच उभी राहिली. "मॅडम, भ्या वाटायलंय."

"आता कशाचं? आप्पांचं बोलणं कळलं ना तुला?"

"कळलं. पर कळलं तरी लागतंयच की वो." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "उद्या सगळं लिहिलं आणि रविवारी पुन्हा तसंच बोलले, तर मला पुन्हा सोडावं वाटंल."

नांदेडच्या त्या पडद्यावर इतके बाण होते, पण हे कुठंच नव्हतं. माणसाचा स्वभाव समजून घेतला म्हणून त्याचे शब्द बोचायचे थांबत नाहीत. मी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, "मग तुझ्यासाठी नको लिहू, आप्पांसाठी नको लिहू. त्या दातांसाठी लिही. त्यांचा काय दोष?" ती हसली आणि गेली. मग मी दार लावून आप्पांना फोन केला आणि नाही नाही ते सुनावलं. चांगलं म्हणता येत नसेल तर रविवारी तोंडात सुपारी धरून बसा म्हणाले.

शिवकन्या आता दाताच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, हे मध्येच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. वसतिगृहातला तो नियमही गेला. आता मुली आपापल्या कोपऱ्यात व्हिडिओवर बोलतात, कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. शिस्तीच्या दृष्टीनं ठीक असेल, पण ती रांग गेल्याची मला फार चुटपुट लागते. कारण दिवाळीनंतरचा तो पहिला रविवार मी एकटीनं ऐकला असता, तर कुणी माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

रांगेतल्या सगळ्या पोरी फोनभोवती गोळा झाल्या होत्या. प्रज्ञानं तर स्वतःचा नंबर सोडून शिवकन्येला पुढं केलं होतं. फोन लागला.

"आप्पा," शिवकन्या म्हणाली, "सहाशेबारा."

पलीकडं काहीच नाही. आम्ही सगळ्या फोनकडं बघत होतो. मी मनात म्हटलं, आप्पा, आता एक वाकडा शब्द काढलात तर एसटी पकडून तिथं येईन.

"आप्पा?"

आईचा आवाज आला, "थांब गं जरा. रडायलेत. उपरणं तोंडात कोंबून बसलेत."

मग खोकल्याचा आवाज, घसा साफ केल्याचा आवाज. "मॅडम हायत का तिथं?" आप्पांनी विचारलं.

"आहे की. बोला."

"मॅडम, माझी पोरगी लई चांगली हाय." ते थांबले. श्वास घेतला. "लई हुशार हाय. सगळ्या घरात हिच्यासारखं लेकरू न्हाई. मला लई, लई आनंद झालाय बगा."

शिवकन्येचे डोळे घळाघळा वाहायला लागले. ती फोनवर वाकली. "आप्पा, स्पीकर चालू हाय. मी हितंच बसलेय, मला सगळं ऐकू यायलंय."

"म्हाईत हाय," आप्पा म्हणाले. "तू ऐकावंस म्हणूनच बोलायलोय."